तहान लागण्याआधीचे पाणी

एखादे शहर ओळखायचे तर त्याचे वाडे, मंदिरे आणि बाजारपेठा पाहाव्यात, असे आपण ऐकत आलो आहोत. पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवल्यानंतर मला त्या यादीत आणखी एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. त्या शहरात चालून दमलेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला, पैसे न देता आणि कोणाची विनवणी न करता, प्यायला स्वच्छ पाणी कोठे मिळते, हेही पाहावे. शहराची प्रकृती त्यावरून बरीचशी कळते.

या नजरेने आज आपण पुण्यात थोडे हिंडू. पुण्याला एके काळी ‘पेन्शनरांचे पुणे’ म्हणत. नोकरीतून निवृत्त व्हावे, येथे लहानसे घर बांधावे, सकाळी टेकडीवर किंवा बागेत फिरावे आणि संध्याकाळी व्याख्यान ऐकावे, असा बेत कित्येकांनी केला. त्या बेतामागे येथील कोरड्या, थंड हवेचा वाटा मोठा होता. ती हवा आता तशी राहिलेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये शिवाजीनगरचा पारा ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला होता. गंमत अशी, की हा पारा जेथे मोजला जातो, त्या हवामान खात्याच्या जुन्या इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले, तेव्हापासून हे नाव टिकून आहे.

मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढले, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. किनारपट्टीवर दमटपणामुळे हीच मर्यादा ३७ अंशांची आहे. वर्तमानपत्रात हे आकडे आपण वाचतो आणि पान उलटतो. बागेतल्या बाकावर बसलेल्या वृद्धासाठी मात्र त्यांचा अर्थ अगदी निराळा असतो. तो समजून घेण्यासाठी आपण शहराच्या दक्षिण टोकापासून निघू.

कात्रजचे पाणी

कात्रजचा तलाव आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात आहे. सुटीच्या दिवशी वाघ-हत्ती पाहायला येणाऱ्या कुटुंबांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, येथून पुणे शहराला पाणी नेण्याची योजना झाली. तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून, केवळ उताराच्या जोरावर, आठ-दहा किलोमीटर दूर असलेल्या पेठांपर्यंत जाई. ना पंप, ना वीज. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. ते पाण्याला हवा देत आणि नळाची साफसफाई करणाऱ्यांना आत उतरण्याची सोय करत. शहरात पोहोचलेले हे पाणी हौदांत साठे. सदाशिव पेठेचा हौद, काळा हौद, बाहुलीचा हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजूनही येतात. कित्येकांसाठी तो आता केवळ पत्ता सांगण्याचा मार्ग उरला आहे.

या योजनेतील एक गोष्ट मला वैद्यकीय दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. पाणी शहराच्या वेशीवर आणून सोडून दिलेले नव्हते. जेथे माणसे राहत, चालत आणि थांबत, तेथपर्यंत ते नेलेले होते. पाणी शहरात आहे आणि पाणी हाताशी आहे, या दोन वाक्यांतले अंतर तरुण माणसाला जाणवत नाही. गुडघे दुखणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसाला ते पावलापावलाला जाणवते.

सारसबाग आणि म्हातारपणाची तहान

कात्रजहून बसने स्वारगेटला उतरावे आणि सारसबागेकडे वळावे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेली ही बाग एके काळी तळे होती. नानासाहेबांच्या काळात बांधलेल्या त्या तळ्याच्या मधोमध बेट होते. त्या बेटावरचा गणपती आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणूनच ओळखला जातो. विसाव्या शतकात तळे गेले आणि बाग आली. पहाटे येथे प्रदक्षिणा घालणारे, प्राणायाम करणारे, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा दिसतात. उन्हाळ्यात गर्दी वाढते, कारण झाडाखाली घरापेक्षा बरे वाटते. पत्र्याच्या छपराखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत राहणाऱ्यांना तर बाग हाच दिवसभरातला खरा विसावा असतो.

आता बाकावर माझ्याशेजारी बसा आणि एक गोष्ट नीट ऐका. म्हातारपणी तहान मंदावते.

ही केवळ सवयीची गोष्ट नाही. शरीरातील पाणी कमी झाले, की मेंदू तहानेची जाणीव करून देतो. वयाबरोबर हा निरोप उशिरा येतो आणि क्षीण येतो. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असते, तर वृद्धापकाळी ते ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे साठाच मुळात लहान. त्यात मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही कमी झालेली असते. भर उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जाऊ शकतो. खर्च चालू आहे, शिल्लक थोडी आहे आणि सूचना देणारी घंटा बिघडलेली आहे, असा हा प्रकार असतो.

औषधांची भर वेगळीच. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मधुमेहावरची लघवीतून साखर बाहेर टाकणारी काही नवी औषधे, रक्तदाबाची आणखी काही औषधे यांमुळे शरीरातील पाण्याचा तोल लवकर ढळतो. कंपवात, मूत्राशयाच्या तक्रारी आणि काही मानसिक आजार यांवरची काही औषधे घाम कमी करतात, त्यामुळे शरीर थंड होण्याचा मार्ग अडतो. ही औषधे आवश्यक असतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. परंतु उन्हाळा सुरू होताच आपल्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या एकदा दाखवून ‘यांत काही बदल हवा का?’ असे जरूर विचारावे.

पाणी कमी पडल्याचे परिणाम नेहमी उष्माघाताच्या रूपातच समोर येतात, असे नाही. रक्तदाब उतरतो, बाकावरून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. दवाखान्याच्या नोंदीत ‘पडल्यामुळे अस्थिभंग’ असे लिहिले जाते. त्यामागचे न प्यायलेले पाणी कोठेच नोंदले जात नाही. बद्धकोष्ठ, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, अचानक आलेले असंबद्ध बोलणे यांच्या मुळाशीही पुष्कळदा हेच असते.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे अनेक वर्षांपासून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका, वय ७८, एप्रिलच्या एका सकाळी मनगट मोडून घेऊन आल्या. बागेतून परतताना त्या पायरीवर कोसळल्या होत्या. उभ्या राहिल्यावर रक्तदाब बराच खाली जात होता, जीभ कोरडी होती.

“बाई, फिरायला जाताना पाणी किती पिता?” मी विचारले.

“एक घोटसुद्धा नाही, डॉक्टर. प्यायलं की जावं लागतं. आणि तिथल्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप.”

त्यांच्या सुनबाई थक्क झाल्या. त्या रोज सासूबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होत्या आणि ती भरलेलीच परत येत होती. बाईंना पाण्याचे महत्त्व कळत नव्हते, असे मुळीच नाही. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना विज्ञान शिकवले होते. बागेने त्यांच्यापुढे जो पेच टाकला होता, त्यातून त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला होता. म्हणून मी नेहमी म्हणते, बागेतल्या पाण्याची चर्चा स्वच्छतागृहाशिवाय पुरी होत नाही. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत नाहीच.

फुले वाड्यातील हौद

सारसबागेतून पूर्वेकडे, जुन्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत चला. येथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा वाडा आहे. आवारात जोतीरावांची समाधी आहे. शाळकरी मुले रांगेने येतात, चित्रे पाहतात आणि वही काढून टिपणे घेतात. तुम्ही आलात, तर येथील पाण्याजवळ थोडा वेळ थांबा.

मघाशी आपण पेशवेकालीन हौदांचे कौतुक केले. ते खरेच आहे, पण अर्धे आहे. त्या काळच्या आणि त्यानंतरच्या पुण्यात पाणी होते, तरी ते सगळ्यांसाठी नव्हते. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते, त्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर ओंजळ भरण्याचीही मुभा नव्हती. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पुढे ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असे मान्य केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात भेदभावाला बंदी केली, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

त्या अन्यायाची तुलना आजच्या कोणत्याही गैरसोयीशी करणे उचित होणार नाही. परंतु एक धागा मात्र हाती लागतो. पाणी आहे एवढ्याने काम भागत नाही. ते कोणाला मिळते, हे विचारावे लागते. आज बागेच्या दाराबाहेर बाटलीबंद पाणी मिळते, असे उत्तर आपण सहज देतो. बागेत झाडांना पाणी घालणारे माळी, साफसफाई करणाऱ्या मावशी, दुपारी सावलीत टेकलेला रिक्षावाला, निवृत्तिवेतन नसलेले आजोबा या सर्वांना दिवसातून दोन-तीन वेळा बाटली विकत घेणे परवडत नाही. ज्यांना परवडते, तेही घेत नाहीत. काटकसरीत आयुष्य काढलेल्या पिढीला पाण्यासाठी पैसे मोजणे मनापासून पटत नाही. ‘घरी जाऊनच पिऊ’ असे म्हणून ती पिढी उन्हात आणखी अर्धा तास काढते. मंद झालेली तहान त्या निर्णयाला साथ देते. डॉक्टर म्हणून मला भीती वाटते ती त्या अर्ध्या तासाची.

नदीकाठची बाग आणि नाशिकचा शिलालेख

शेवटचा मुक्काम बंडगार्डन. मुळा-मुठेच्या काठी असलेल्या या बागेचे अधिकृत नाव महात्मा गांधी उद्यान. ‘बंड’ म्हणजे बंधारा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी नदीवर बंधारा झाला, त्यासाठी मुंबईचे दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली होती. म्हणजे या बागेच्या नावातच लोकांना पाणी देण्याची आठवण आहे.

येथे नदीकडे पाहत बसले, की मला याहून खूप जुनी एक गोष्ट आठवते. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात त्याच्या दानधर्माची यादी कोरलेली आहे. बागा, तळी आणि विहिरी त्याने केल्या, काही नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि प्रपा उभारल्या, असा त्याचा आशय आहे. प्रपा म्हणजेच आपली पाणपोई. बाग आणि पाणी, विसावा आणि पाणी, या जोड्या महाराष्ट्राच्या दगडावर इतक्या पूर्वीच कोरल्या गेल्या आहेत.

चैत्र लागला की पाणपोई घालावी, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्यावा, ही आपली जुनी रीत. वाळ्याचा सुगंध असलेले रांजणातले पाणी आणि वर झाकलेले ओले फडके आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आप्तांच्या स्मरणार्थ दगडी प्याऊ बांधले. त्यांतल्या काहींचे अलीकडे जतनही झाले आहे. काही ठिकाणी तर जनावरांसाठी खाली वेगळे कुंड केलेले दिसते. तहानलेल्याची जात, वय आणि ऐपत विचारू नये, हे यामागचे सूत्र. आधुनिक वैद्यकशास्त्र त्यात एवढीच भर घालते, की तहान लागण्याची वाटही पाहू नये.

आपल्या देशात याची निकड आकड्यांनी सिद्ध झालेली आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा जवळजवळ ४७ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. पूर्वसूचना, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि सार्वजनिक ठिकाणी पिण्याचे पाणी ही त्याची अंगे होती. पुढे अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतही सार्वजनिक ठिकाणी पाण्याची सोय करण्यावर भर आहे. तेव्हा बागेत पाणी मागणे म्हणजे चैनीची मागणी नव्हे.

बागेतले पाणी कसे असावे?

‘नळ आहे की’ असे म्हणून हा विषय संपत नाही. तो नळ म्हाताऱ्या हातांना, पायांना आणि डोळ्यांना उपयोगी पडावा लागतो.

पहिली गोष्ट, तो दिसला पाहिजे. मंद तहानेला डोळ्यांची मदत लागते. पाणी समोर दिसले, की घोटभर प्यावेसे वाटते. बाग मोठी असेल, तर एकच नळ दारापाशी ठेवून चालत नाही. चालण्याच्या वाटेवर, बाकांच्या जवळ आणि सावलीत तो असावा.

दुसरी, तोटी हलक्या हाताने उघडणारी असावी. दाबून धरावी लागणारी ताठ कळ संधिवाताने आखडलेल्या बोटांना पेलत नाही. एक नळ चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचेल इतका खाली असावा. साखळीला बांधलेला सामायिक पेला टाळावा. ओंजळीने पिता येईल किंवा आपली बाटली भरता येईल, अशी रचना बरी.

तिसरी, खालची फरशी. पाणी सांडून शेवाळ साचले, तर पाणी प्यायला गेलेला माणूस घसरून पडतो. खडबडीत फरशी, पाणी वाहून जाण्याची वाट आणि धरायला एक कठडा, इतके पुरे.

चौथी, स्वच्छता. टाकी झाकलेली असावी, ती ठरावीक काळाने धुतली जावी आणि धुतल्याची तारीख तेथेच लिहिलेली असावी. फिल्टर बसवला असेल, तर तो बदलल्याची तारीखही लिहावी. न बदललेला फिल्टर हा जंतूंचा आसरा होतो. पाणी बर्फासारखे गार असण्याची गरज नाही. माठातल्याइतका गारवा पुरेसा आहे, आणि वृद्धांना तो अधिक मानवतो.

पाचवी, जवळच उघडे आणि स्वच्छ स्वच्छतागृह. आणि सहावी, वेळ. अनेक शहरांत बागा भर दुपारी बंद असतात. उष्णतेच्या लाटेत नेमके तेव्हाच गरीब वस्तीतल्या वृद्धाला सावली आणि पाणी लागते. त्या काही दिवसांपुरती तरी दारे उघडी ठेवता आली, तर ती बाग आरोग्यकेंद्राचे काम करील.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

बाग सुधारेपर्यंत घरच्यांनी काय करावे? कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत वृद्धांना बाहेर नेऊ नये. फिरायला निघण्यापूर्वी पेलाभर पाणी द्यावे, चालताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्यावेत. ‘तहान लागली का?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘नाही’ असेच येईल. पेला हातात द्यावा आणि आपणही सोबत प्यावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हाच एक मार्ग असतो.

लघवीचा रंग फिकट पिवळा असला, तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद पिवळा झाला, तर वाढवावे. ताक, शहाळ्याचे पाणी, पन्हे चांगले. मात्र रक्तदाब असलेल्यांनी मीठ आणि मधुमेह असलेल्यांनी साखर सांभाळावी. शहाळ्यात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हृदयाची ताकद कमी झालेल्यांना आणि डायलिसिसवर असलेल्यांना पाण्याचे मोजमाप ठरवून दिलेले असते. उन्हाळ्यात ते किती असावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, अंदाजाने वाढवू नये.

थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम ही पहिली लक्षणे. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगावर ओले फडके फिरवून वारा घालावा आणि शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी किंवा ओआरएस द्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे, अर्ध्या पेल्यात नव्हे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, तोल जातो आहे, झटका आला किंवा शुद्ध हरपते आहे, असे दिसले, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

आपल्या हातात काय आहे?

त्या शिक्षिकांची हकिगत अपुरी राहिली. मनगटाचे प्लास्टर निघेपर्यंत त्या स्वस्थ बसल्या नाहीत. बागेतल्या हास्य क्लबाच्या सभासदांकडून त्यांनी एक अर्ज लिहवून घेतला, डाव्या हाताने त्यावर सही केली आणि सुनबाईंना घेऊन स्वतः तो देऊन आल्या. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसरा दिला. दीड महिन्याने कुलूप निघाले, किल्ली रखवालदाराकडे आली आणि बाकाजवळ एक तोटी बसली. ती अजून चालू आहे. बाटली आता रिकामी होऊन घरी येते, असे सुनबाई सांगतात.

सर्वांनाच त्यांच्याइतकी चिकाटी असेल असे नाही. परंतु ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, गृहरचना संस्था यांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातील छोट्या कामांच्या सूचना अंदाजपत्रकासाठी क्षेत्रीय कार्यालयात देता येतात. बागेतला नळ, त्यावरची सावली, स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही अशीच कामे आहेत. आपल्या गावी अशी सोय नसेल, तर नगरपालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज देता येतो. आणि येत्या चैत्रात बागेच्या दाराशी दोन रांजण ठेवून, ते रोज धुऊन भरण्याची पाळी लावून घेणे तर कोणाच्याही परवानगीच्या पत्रापेक्षा फार अवघड नाही.

एक छोटे काम मात्र याच आठवड्यात करा. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला घेऊन संध्याकाळी जवळच्या बागेत जा. त्यांच्या आवडत्या बाकावर बसा. तेथून पिण्याच्या पाण्यापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत त्यांच्या चालीने किती पावले पडतात, ती मोजा. वाटेत पायऱ्या किती आहेत, तोटी त्यांच्या हाताने उघडते का, हेही पाहा. आकडे कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद अर्जाला जोडा. अर्ज लिहिणाऱ्यांच्या नावांत त्यांचेही नाव असू द्या.